तीर्थातले थेंब

"ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. सारंग तेव्हा त्यांच्या खोलीत जमिनीवर पालथा पडून खेळण्यातल्या गाडीचं एक चाक बोटाने फिरवत होता. पावणेतीन वर्षांचा होता. गाडी चालवण्यात त्याला काही रस नव्हता, फक्त चाकात होता.

मला रडू आलं नाही. गेलं वर्षभर मी जे मनात म्हणत होते, त्याचं नाव फक्त आज कळलं होतं. माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, पहिला प्रश्न विचारला. आता काय करायचं, हा नाही. "वजह क्या है, मॅडम?" असं त्याने विचारलं.

बाईंनी नीट समजावून सांगितलं. ऑटिझम म्हणजे रोग नाही, मेंदूची जडणघडणच वेगळी असणं. त्यामुळे बोलणं, नजर देणं, खेळणं, बदल सोसणं या गोष्टी मुलाला अवघड जातात. स्पेक्ट्रम म्हणजे पट्टा, एका टोकाला घडाघडा बोलणारी मुलं, दुसऱ्या टोकाला कधीच न बोलणारी. यावर गोळी नाही. स्पीच थेरपी, म्हणजे संवाद शिकवणं, आणि ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे जेवण, कपडे, खेळ अशी रोजची कामं अंगवळणी पाडणं, हे दोन उपाय. कारण बहुतेक जन्माआधीचं, जनुकांमधलं. "किसी की गलती नहीं है," त्या शेवटी म्हणाल्या.

हे शेवटचं वाक्य मिलिंदच्या पचनी पडलं नाही. कुणाची तरी चूक असती तर त्याला सोयीचं झालं असतं.

आम्ही रायपूरला बूढापारा मोहल्ल्यात राहतो. मिलिंदचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं. माझं माहेर अमरावतीचं, लग्नानंतर मी इथल्या एका सरकारी कार्यालयात लागले. घरात आम्ही दोघं, सासूबाई, सारंग आणि तेव्हा आठ महिन्यांची रेवा. घरी पोचल्यावर सासूबाईंनी ते लांबलचक इंग्रजी नाव एकदा ऐकलं आणि बाजूला सारलं.

"त्या सुईनंच झालं," त्या म्हणाल्या. "मी तवाच म्हटलं होतं, काहून टोचून राहिले पोट्ट्याले इतकं."

त्यांचं म्हणणं हवेतलं नव्हतं, हे मी कबूल करते. सारंग सव्वा वर्षाचा असताना चारपाच शब्द बोलायचा. बाबा, आऊ, मंमं, काऊ. मग त्याला गोवर-रुबेलाच्या लसीचा दुसरा डोस दिला, संध्याकाळी ताप आला, आणि उन्हाळा संपेपर्यंत ते शब्द एकेक करून गेले. ज्या आईने हे पाहिलं आहे तिच्या डोक्यात ही ओळ आपोआप जुळते. माझ्याही जुळली होती.

म्हणून पुढच्या भेटीत मी बाईंना सरळ विचारलं. तुम्हीही विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यांनी मला हसून वाटेला लावलं नाही. त्या म्हणाल्या, हा प्रश्न जगभरात फार गंभीरपणे तपासला गेला आहे. अनेक देशांत लाखो मुलं पाहिली गेली, लस घेतलेली आणि न घेतलेली, आणि ऑटिझम दोन्हीकडे सारखाच निघाला. ज्या एका लेखावरून हे सगळं सुरू झालं तो छापणाऱ्यांनीच नंतर मागे घेतला, कारण त्यातली माहितीच खोटी होती. काही मुलांचे आलेले शब्द दीड वर्षाच्या आसपास जातात, याला रिग्रेशन म्हणतात, म्हणजे मागे जाणं. दुसरा डोसही त्याच वयात असतो. दोन गोष्टी एका महिन्यात येतात, म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं वाटतं.

माझं समाधान झालं. मिलिंद खिडकीबाहेर बघत होता.

विचारणाऱ्यांचा मला राग नाही. मला किळस येते ती या प्रश्नाचं उत्तर विकणाऱ्यांची. त्यातला एक आमच्या घरात माझ्या नणंदेच्या हातून शिरला.

भारतीताई मिलिंदची मोठी बहीण, दुर्गला असते. भावावर तिचा जीव आहे, त्याबद्दल शंका नाही. तिने मिलिंदला पालकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर घातलं. तो ग्रुप चालवणाऱ्याला सगळे 'सर' म्हणतात. हे सर आधी पाण्याचे फिल्टर विकायचे. आता शहराच्या गुढियारी भागातल्या एका हॉलमध्ये रविवारी पालक गोळा करतात आणि लसीतला पारा मुलाच्या आतड्यात कसा बसतो ते फळ्यावर काढून दाखवतात. मी एकदा गेले होते. पुढच्या रांगेत बसलेल्या एका बाईने डायपर घातलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलीला मांडीवर घेतलं होतं आणि ती सरांचा शब्द न् शब्द लिहून घेत होती. सर तिच्याकडे बघून गोड हसत होते. मी उठून बाहेर आले.

पाऱ्याचंही मी बाईंना विचारलं. गोवराच्या लसीत पारा कधीच नव्हता, त्या म्हणाल्या. त्या लसीत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो, पारा घातला तर तोच मरून जाईल आणि लस वाया जाईल. मी घरी येऊन हे मिलिंदला सांगितलं.

"उनका तो धंदा है," तो म्हणाला. सरांचा काय होता, हे त्याला विचारून काही उपयोग नव्हता.

आणि मग त्याने ते जाहीर केलं. रेवाला नववा महिना संपला की गोवर-रुबेलाचा पहिला डोस द्यायचा होता. मिलिंद म्हणाला, "रेवाले आता एकही सुई नाही. एक गेला माझा. दुसरी नाही जाऊ देणार मी."

सारंग तेव्हा त्याच्या पायाशी बसून वाटी फिरवत होता. जिवंत, धडधाकट, दुपारी दोन वाट्या वरणभात खाल्लेला मुलगा. त्याच्यादेखत त्याचा बाप 'एक गेला' म्हणाला. नवऱ्याची किळस येणं काय असतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

गोवर म्हणजे अंगावर पुरळ आणि कडुनिंबाचा पाला, एवढंच आमच्या घरात ठाऊक. बाईंनी मला सांगितलं होतं की त्यातून न्युमोनिया होतो, म्हणजे फुप्फुसं भरतात, आणि कधी कधी मेंदूला सूज येते. शहरातल्या दवाखान्यांत गोवराची मुलं येत होती. रेवा रांगत रांगत शेजारपाजारच्या चार घरांत जायची. मी तिला एकटी नेऊ शकले असते. पण नंतर तिला साधी सर्दी झाली असती तरी ती माझ्या नावावर चढली असती, आणि पुढच्या प्रत्येक सुईच्या वेळी हाच तमाशा झाला असता. दिवाळी होऊ दे, मग मिलिंदला घेऊनच जायचं, असं मी ठरवलं. रोज सकाळी रेवाचं कपाळ चाचपून मगच ऑफिसला जायचे.

दिवाळीनंतर आजारी पडला तो सारंग.

आधी जुलाब. मग उलट्या. फराळाचं बाधलं असेल म्हणून आम्ही ओआरएस दिलं, म्हणजे मीठ-साखरेचं पाणी. दोन दिवस बरे गेले की पुन्हा सुरू. त्याच्या शीमध्ये पांढुरके, चिकट धागे दिसायचे. जवळ घेतलं की तोंडाला एक उग्र वास यायचा, पाण्याची टाकी धुतल्यावर येतो तसा. मी टाकी उघडून पाहिली. मिलिंदला विचारलं तर म्हणाला, नगर निगमवाल्यांनी पाण्यात ब्लीचिंग जास्त टाकलं असेल.

एका सकाळी त्याला उठवायला गेले तर त्याने मान टाकली. डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले, रडला तर अश्रू नाहीत. आम्ही त्याला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती हळूहळू जागेवर आली. सिव्हिअर डिहायड्रेशन, म्हणजे अंगातलं पाणी फार कमी झालं आहे. रक्ताच्या तपासणीत इलेक्ट्रोलाइट इम्बॅलन्स निघाला. सोडियम, पोटॅशियम हे क्षार घसरले होते. ते फार घसरले तर झटके येऊ शकतात, म्हणून लगेच सलाईन. ज्या मुलाला सदऱ्याचं लेबल मानेला लागलेलं सोसत नाही, त्याच्या हाताला सुई, चिकटपट्टी आणि पुठ्ठा बांधला. तो ओरडला नाही. तेवढी ताकदच नव्हती. वरच्या पंख्याकडे बघत पडून राहिला.

"घर में कुछ और देते हैं? कोई दवा, काढ़ा, चूर्ण?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुछ नहीं," मिलिंद म्हणाला.

तुमच्यावर ही वेळ आली तर हा प्रश्न लक्षात ठेवा. डॉक्टर तो सगळ्यांनाच विचारतात, आणि मूल वाचणं न वाचणं त्याच्या खऱ्या उत्तरावर असू शकतं.

दुसऱ्या दिवशी मी कपडे आणायला घरी आले. सासूबाई रेवाला कडेवर घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पिशवीत एक छोटी बाटली घातली.

"हे सारंगले देजो. तीर्थ आहे. थेंब टाकले आहेत त्याच्यात."

"कोणते थेंब?"

"बाप्पा, तुले माहीत नाही काय? भारतीनं आणले ते, त्या सराकडचे. पोट साफ कराचे. चमच्यानं घेतच नाही न पोट्टा, तीर्थ म्हटलं की तोंड उघडते. म्हणून पळीनं देऊन राहिली मी."

हे खरं होतं. सारंग औषधाच्या चमच्याला दात आवळतो, पण पूजेनंतर आजीची तांब्याची पळी दिसली की आपणहून आ करतो. आमच्या घरात त्याने जिच्यावर पूर्ण विश्वास ठेवावा अशी ती एकच वस्तू होती. मी बाटलीचं बूच काढलं. टाकीचा वास आला. मी देवघरात गेले. पळी उचलून नाकाशी धरली, तोच वास. तिच्या खोलगट भागात हिरवट डाग पडले होते.

"रंग जाऊन राहिला तिचा," सासूबाई मागून म्हणाल्या. "रोज चिंचेनं घासा लागते मले."

त्या माउलीने नातवाला तीर्थच दिलं होतं. मी बाटली घट्ट बंद करून हॉस्पिटलात नेली.

मिलिंद जिन्यापाशी उभा होता. मी त्याचा फोन मागितला. त्याने दिला, आणि तो ग्रुप मी पहिल्यांदा आतून पाहिला. तुमच्यापैकी कुणी आत्ता जेवायला बसलं असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. त्या ग्रुपवर मुलांच्या शीचे फोटो होते. रोजचे, जवळून काढलेले, काही काडीने पसरून दाखवलेले. चिकट धागा दिसला की त्याभोवती लाल गोल. खाली जोडलेले हात, फुलं, 'बधाई हो', 'ज़हर निकल रहा है'. जणू बारसं चाललं होतं. वर सरकवत गेले तर आमच्या घरातली निळी चादर दिसली, आणि तिच्यावर माझ्या मुलाचा लंगोट. मिलिंदने लिहिलं होतं, सुस्त पडला आहे, काय करू. सरांचं उत्तर होतं, 'जितना निकले उतना अच्छा. घबराना नहीं. बंद मत करना.'

माझा मुलगा मरायला टेकला होता आणि लोक फुलं पाठवत होते.

"मले वाटलं तो बोलंन," मिलिंद म्हणाला. एवढंच म्हणाला. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मी बाटली त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, डॉक्टरांना तूच सांग, मी तुझ्या बाजूला उभी राहते.

त्याने सांगितलं. डॉक्टर वयाने आमच्याहून लहान होते. त्यांनी बाटलीचा वास घेतला आणि ती दूर ठेवली.

"सर, ये ब्लीच है. फर्श साफ करने वाली चीज़," ते म्हणाले. "और जिसको आप ज़हर समझ रहे हैं न, वो बच्चे की आंत की परत है."

आतड्याचं अस्तर. जे सोलून निघत होतं त्याच्यावर लाल गोल काढून अभिनंदन चाललं होतं.

कारण कळल्यावर उपचार सोपे झाले. क्षार हळूहळू जागेवर आले. सारंगने आधी पाणी मागितलं, म्हणजे माझा हात धरून ग्लासावर नेऊन ठेवला. नंतर पेज घेतली. वीज जाऊन पंखा थांबला तेव्हा त्याने सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला, आणि नर्सदीदी म्हणाल्या, चला, पोरगा बरा झाला.

घरी सोडल्यावर आम्ही पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेलो. मिलिंदच्या मनातलं अजून गेलं नव्हतं. त्याने फोन पुढे केला. "ड्रॉप्स गलत थे, मान लिया. पर ये देखिए मॅडम. सुई के पहले का है. कैसा अच्छा था."

तो सारंगच्या बोरन्हाणाचा व्हिडिओ होता, दुसऱ्या डोसाच्या आधीच्या संक्रांतीचा. आमच्या नातेवाइकांत तो फार लाडका आहे. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसलेला सारंग. डोक्यावरून गोल बाजारातून आणलेली बोरं, चुरमुरे, बत्तासे ओतले जात आहेत. मोहल्ल्यातली पोरं ते वेचायला तुटून पडली आहेत. अशा वेळी मुलं घाबरून रडतात, पाटावरून पळतात. सारंग हललासुद्धा नाही. मांडीतली वाटी कडेवर उभी करून फिरवत बसला. त्या दिवशी सगळ्यांनी त्याची दृष्ट काढली होती. किती शहाणा, किती शांत, बाळकृष्ण बसला आहे नुसता, असं जो तो म्हणत होता. मीसुद्धा.

बाईंनी व्हिडिओ पाहिला. मग मिलिंदला म्हणाल्या, "एक बार फिर लगाइए. इस बार सिर्फ आवाज़ सुनिए."

आवाज भारतीताईचा होता, व्हिडिओ तीच काढत होती. "सारंग. सारंग, इधर देख. बुआ इधर. अरे सारंग." मग सासूबाई, "सारंग, बाळा, इकडे पाह्य." मग मिलिंद स्वतः, टाळ्या वाजवत. मग मी. सगळं घर त्याला हाका मारत होतं आणि तो वाटी फिरवत होता. एकदाही त्याने मान वळवली नाही. बोर कपाळावर लागलं तरी नाही.

"कान की जाँच तो ठीक है न इसकी," बाई हळूच म्हणाल्या. "ये तब भी ऐसा ही था. आपका ही बच्चा था. सुई ने कुछ नहीं बदला."

मिलिंदने तो व्हिडिओ तिथेच तिसऱ्यांदा लावला. बाहेर बाकावर आल्यावर त्याने सारंगला मांडीवर घेतलं, आणि सारंगने त्याच्या घड्याळाचा पट्टा फिरवायला सुरुवात केली. "आपण समजलोच नाही," तो म्हणाला. त्या वेळी मला त्याची किळस वाटली नाही.

रेवाला आम्ही त्याच आठवड्यात नेलं. मिलिंदनेच धरली होती. ती किंचाळली, मग नर्सच्या पेनाकडे बघून थांबली. तिला दोन दिवस किंचित ताप आला. मिलिंदचं डोकं पटलं होतं, पण पोटातली भीती गेली नव्हती. तो दिवसभर तिला हाका मारायचा. दाढी करताना, बूट घालताना, स्वयंपाकघराच्या दारातून. "रेवा?" ती वळून बघायची. "रेवा?" पुन्हा वळायची. काही दिवसांनी ती कंटाळली आणि त्याच्याकडे बघून जीभ दाखवायला लागली. तरी त्याचं चालूच होतं.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. दुपारचं जेवण झालं होतं. मी भांडी आवरत होते, मिलिंद ऑफिसात होता. आतल्या खोलीतून आवाज आला, "रेवा?" अगदी मिलिंदचा हेल, शेवटी वर चढणारा, घाबरलेला. मी जाऊन पाहिलं तर सारंग वाटी फिरवत बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पुन्हा म्हणाला, "रेवा?" आणि रेवा रांगत दारात आली.

दीड वर्षांहून जास्त काळाने माझ्या मुलाच्या तोंडून शब्द आला होता, आणि तो त्याच्या बापाच्या भीतीची नक्कल होती. मी खाली बसले. हसू येत होतं आणि रडूही. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, याला इकोलेलिया म्हणतात, म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणं. याला बोलणं म्हणायचं का, असं मी विचारलं. "शुरुआत है," त्या म्हणाल्या. मला तेवढं पुरे आहे. त्याला दुसरा कुणी करायला मी आता निघालेली नाही. त्या तरुण डॉक्टरांचे आणि बाईंचे उपकार मी विसरणार नाही, आणि पळी मी नवीन आणली आहे.

इथेच हे संपलं असतं तर मी कदाचित लिहिलंही नसतं. पण सारंग बोलल्याचं सासूबाईंनी आनंदाने लेकीला फोनवर सांगितलं. भारतीताईने ते ग्रुपवर सांगितलं, मन साफ ठेवूनच सांगितलं असेल. आता त्या ग्रुपवर वरच माझ्या मुलाचा बोरन्हाणातला फोटो लावला आहे. खाली लिहिलं आहे, 'ड्रॉप्स का कमाल. रायपुर का बच्चा बोल उठा.' मिलिंदने तिथे खरं लिहिलं, तर त्याला ग्रुपातून काढून टाकलं. फोटो अजून तिथेच आहे. तो बघून कुणीतरी आई आज ती बाटली विकत घेत असेल, आणि मूल ज्या चमच्याला, ज्या पळीला, ज्या हाताला तोंड उघडतं तो हात शोधत असेल.

तिने हे वाचावं म्हणून लिहिते आहे. सारंग 'रेवा' म्हणाला त्या दुपारी त्याच्या पोटात वरणभात होता, वर तूप घातलेला. दुसरं काहीही नव्हतं.